आपली गाणी आणि ती गाणारी माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



समितीने मला 'धम्म आणि युवक' असा विषय दिला होता. त्या विषयावर बोलणारे माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेले वक्ते आज मंचावर बसले आहेत. मी नववी नापास माणूस. सूतगिरणीच्या रिंगफ्रेम खात्यात २७ वर्षं काढली. जे काही वाचलं ते रात्रपाळीहून आल्यावर, डोळ्यावर पाणी मारून वाचलं. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय बदलून घेतला. आज गाण्यांवर बोलतो. गाता मला येत नाही, हे आपल्या मोहल्ल्यातल्या लेकराबाळालाही माहीत आहे. पण गाण्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती या विहारातच झाली. ती सांगितल्याशिवाय मला या मंचावरून उतरता येणार नाही. आधी थोडं मागचं सांगतो.

आपल्या समाजाला शाळेने शहाणं केलं हे खरंच आहे. पण शाळेच्या आधी गाणं आलं. ज्या काळी आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर ठाऊक नव्हतं, त्या काळी बाबासाहेबांचा विचार त्यांच्यापर्यंत पोचवला तो जलसेवाल्यांनी. नाशिक जिल्ह्यातले शाहीर भीमराव कर्डक हे त्यात आघाडीचे. १९३० नंतरच्या काळात त्यांचा जलसा गावोगाव फिरला. पुढे १९७८ मध्ये त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिलं. बाबासाहेबांनी कर्डकांच्या एका जलशाला आपल्या दहा सभांच्या बरोबरीचं मानलं, असं आपल्याकडे अजून सांगतात.

जलसा म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. त्याचा सांगाडा तमाशाचा. तमाशात आधी गण, मग गवळण, मग वग. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या माणसांनी हाच सांगाडा घेतला आणि आत आपला माल भरला. तीच वाट आंबेडकरी जलशांनी धरली. ढोलकी तीच, झीलकरी तेच, प्रश्नोत्तराची हसवाहसवी तीच. देवाच्या स्तुतीच्या जागी बाबासाहेबांची स्तुती आली आणि मथुरेच्या बाजाराच्या जागी गावकीची कामं, मेलेली ढोरं, पाण्याचा प्रश्न आणि शाळा आली. लोक हसता हसता गप्प होत. ज्याने महारकीचं काम सोडावं म्हणून दहा भाषणं झाली तरी सोडलं नाही, तो जलसा पाहून घरी येई आणि दुसऱ्या दिवशी पाटलाला नाही म्हणे.

पण त्याच काळातली दुसरी एक गोष्ट सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे जन्माने ब्राह्मण. त्यांच्या तमाशात पवळा हिवरगावकर ही आपल्या समाजातली बाई होती आणि तिच्या नावावर सारा महाराष्ट्र लोटत होता. महाडच्या सत्याग्रहाला मदत म्हणून बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे पैसे देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. आपल्या बाया नाचवून मिळवलेला पैसा आपल्याला नको, अशी त्यांची भूमिका होती, असं सांगतात. तरुणपणी ही गोष्ट मला तोंडपाठ होती. तिचा मी कसा उपयोग केला ते पुढे येईल.

आता वामनदादा. वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईला आले, मिळेल ते कष्ट केले. समता सैनिक दलात होते. अक्षरओळख नव्हती. एका माणसाने चिठ्ठी वाचायला दिली आणि ती वाचता येईना, तेव्हा या जवान माणसाला रडू आलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून मुळाक्षरं शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. ३ मे १९४३ रोजी पहिलं गाणं केलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. त्यानंतर साठ वर्षं हा माणूस थांबला नाही. 'वाटचाल', 'मोहळ' ही त्यांची पुस्तकं पुष्कळांनी पाहिलीही नसतील, पण त्यांची गाणी मात्र पाठ आहेत. मी त्यांना अमरावतीला एकदा ऐकलं. पांढरा सदरा, खांद्यावर झोळी, आवाज बसलेला. पण एकेक शब्द असा टाकत की मागच्या रांगेतल्या म्हातारीला सुद्धा कळावा. मी गिरणीतला माणूस, मला त्यात कारागिरी दिसली. सूत कातताना एक धागा तुटला की लगेच सांधावा लागतो, नाहीतर पुढचा सगळा माल खराब. वामनदादांच्या गाण्यात कुठे धागा तुटलेला सापडत नाही.

लोक विचारतात, आपली गाणी सिनेमाच्या चालीवर का? आपल्याला स्वतःची चाल नाही का? हा टोमणा मी गिरणीत पुष्कळ ऐकला. अहो, ज्याच्याजवळ पेटी नाही, मास्तर नाही, तालमीला वेळ नाही, त्याने काय करावं? चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली असते. नवे शब्द त्यावर बसवले की पहिल्याच रात्री सगळा मोहल्ला झील धरतो. आणि नुसत्या सिनेमाच्याच चाली नव्हत्या. आपल्या वऱ्हाडात खंजेरीच्या भजनाच्या चाली होत्या, जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि कव्वाली तर होतीच. १४ एप्रिलच्या रात्री कव्वालीचा मुकाबला म्हणजे काय होतं ते आज पन्नाशीच्या पुढच्यांनाच आठवेल. इकडे एक पार्टी, तिकडे एक पार्टी. पेटी, बेंजो, ढोलक. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच बहरात जवाब द्यायचा. पहाटे कोंबडा आरवला तरी बाया उठत नव्हत्या. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागपूरचे नागोराव पाटणकर, बायांमध्ये वैशाली शिंदे, सुषमा देवी, ही नावं तेव्हा लेकरांना सिनेमा नट-नट्यांसारखी पाठ होती.

आणि प्रल्हाद शिंदे. १९३३ चा जन्म. सुरुवातीला ते इस्माईल आझादांच्या कव्वाली पार्टीत होते. हे इस्माईल आझाद म्हणजे 'अल हिलाल' (१९५८) या सिनेमातली गाजलेली कव्वाली गाणारे. मुसलमान उस्तादाजवळ कव्वाली शिकलेला हा आपला माणूस पुढे भीमगीतं गायला, लोकगीतं गायला, आणि पंढरीच्या वाटेचं ते गाणंही गायला. ते गाणं दत्ता पाटलांनी लिहिलं, मधुकर पाठकांनी चाल लावली. आजही आषाढीला वारकऱ्यांच्या दिंडीत, एसटी स्टँडवर, पानठेल्यावर ते लागतं. ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना माहीत नसतं की गाणारा बौद्ध होता. त्यांची मुलं आनंद, मिलिंद, दिनकर. आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्याने कॅसेटच्या काळात लग्नाच्या वराती हलवल्या, आणि तेच आनंद शिंदे भीमजयंतीला उभे राहिले की बाया पदर डोळ्याला लावत. आज नातू आदर्श सिनेमात गातो. एकाच घरात विठ्ठल, गणपती, पोपट आणि भीम. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ साली गेले.

आता माझी गोष्ट.

माझे मोठे मामा याच मोहल्ल्यात राहत. नाव सांगत नाही, बसलेल्यांपैकी पुष्कळांना कळलंच आहे. दिवसा मजुरी, रात्री पेटी. आपल्या भीमभजन मंडळाचे ते मुख्य गायक. तेव्हा आपला जिल्हा अकोला होता, वाशीम १९९८ मध्ये वेगळा झाला. मूर्तिजापूर, दारव्हा, बडनेरा, जिकडून बोलावणं येई तिकडे मामा पेटी घेऊन जात. शकुंतला रेल्वेत बसून कारंजापर्यंत येत आणि तिथून मिळेल त्या गाडीने गावी. आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी कार्यक्रम थांबत नसे. पण मामा गणेशोत्सवात आणि नवरात्रातही गायला जात. प्रल्हाद शिंदेंची विठ्ठलाची गाणी हुबेहूब म्हणत. त्याची बिदागी मिळे आणि त्या बिदागीवर घरातली दोन महिन्यांची ज्वारी निघे.

१९९१ साल आलं. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष. मी २२-२३ वर्षांचा, गिरणीत नुकता चिकटलेलो, युवक मंडळाचा सचिव. बावीस प्रतिज्ञा आम्हा पोरांच्या नसानसात भिनल्या होत्या. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची बैठक इथेच झाली, त्या खांबाजवळ. मी उभा राहून ठराव मांडला की जो देवाधर्माची गाणी गातो त्याला शताब्दीच्या मंचावर चढू देऊ नये. मामांनी लिहून द्यावं की यापुढे तसली गाणी गाणार नाही. पठ्ठे बापूरावांच्या पैशाची गोष्ट मी मोठ्या आवाजात सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांनी खाली पाहिलं.

मामा उठले. शांतपणे एवढंच म्हणाले, "पोट्ट्या, तू गिरनीत सूत काततं. ते सूत कोन नेसते, इचारलं का रे कधी मालकाले?" आणि चप्पल घालून निघून गेले.

त्याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं. मी रागाने म्हणालो, जाऊ द्या. त्या जयंतीला आम्ही कॅसेट लावली. मामा पुढे १२ वर्षं जगले. या विहारात वंदनेला येत, मागे बसत, परंतु त्यांनी इथे पुन्हा तोंड उघडून गाणं म्हटलं नाही. माझ्या लग्नातही नाही. माझी माय मरेपर्यंत मला म्हणत होती, "तुवा माया भावाचा गळा दाबला." मी म्हणायचो, माय, तत्त्वाचा प्रश्न होता. ती म्हणायची, "तत्त्वाले पोट नसते, बापा. मान्साले असते."

समाजबांधवांनो, मी आज असं म्हणत नाही की बावीस प्रतिज्ञा सोडा. मी स्वतः त्या पाळतो आणि माझ्या घरात देव्हारा नाही. पण त्या दिवशी मी दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या. बाबासाहेबांनी नाकारला तो बाईच्या लाचारीवर कमावलेला पैसा. मामा कोणाची लाचारी विकत नव्हते, स्वतःचा गळा भाड्याने देत होते, जसे मी माझे हात देत होतो. विठ्ठल उमपांचं बघा. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) भीमगीतं गायले, कोळीगीतं गायले, कव्वाली गायले, आणि 'जांभूळ आख्यान' करून तर साऱ्या महाराष्ट्राला वेडं केलं. ते आख्यान द्रौपदीचं आणि कर्णाचं, म्हणजे महाभारतातलं. त्यांना कोणी विचारलं का की तुम्ही बौद्ध असून द्रौपदी का गाता? आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावर. मोठ्या शाहिराला आपण ही मोकळीक दिली. आपल्या मोहल्ल्यातल्या मजुराला मात्र दिली नाही. त्याचं नाव छापून येत नव्हतं ना!

विलास घोगरेंची गोष्ट तर याहून कडू आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारा हा कवी-गायक कष्टकऱ्यांची गाणी गात फिरे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. त्यानंतर चारच दिवसांत विलास घोगरेंनी स्वतःचं जीवन संपवलं. आनंद पटवर्धनांचा 'जयभीम कॉम्रेड' (२०११) हा चित्रपट तिथून सुरू होतो. ज्या सांस्कृतिक संघटनेत ते गात होते तिने त्यांना आधीच बाहेर काढलं होतं, हेही त्यात येतं. मी तो चित्रपट अमरावतीला एका कार्यकर्त्याच्या घरी पाहिला. तो भाग आला तेव्हा मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. मला आपली ती बैठक दिसत होती.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. माझ्या मुलीने मोबाईलवर मला सॅम कुक नावाच्या अमेरिकेतल्या काळ्या गायकाचं गाणं ऐकवलं आणि त्याची हकीकत वाचून दाखवली. तो आधी चर्चच्या भजनी मंडळात गायचा, नावाजलेला होता. १९५७ मध्ये त्याने प्रेमगीत गायलं, ते देशभर गाजलं, आणि चर्चमधली पुष्कळ माणसं त्याच्यावर नाराज झाली. आमच्या उलट बघा, तिथे देव सोडला म्हणून राग, इथे देव धरला म्हणून. त्याच सॅम कुकने १९६४ मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्याला असं एक गाणं दिलं की ते अजून गातात. इंग्रजी मला कळत नाही. पण आवाज ऐकून मला मामा आठवले, हे खोटं सांगत नाही.

आणखी एक बाब. गाणारा निदान दिसतो, लिहिणारा दिसतही नाही. आपल्या कवींनी म्हणूनच शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायची रीत ठेवली. वामनदादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. नांगराच्या फाळावर लोहार खूण करतो तसं ते. पण कॅसेटच्या जमान्यात काही ठिकाणी ते नावही काढून गायकाचं नाव घातलं गेलं, वर छापलं 'पारंपरिक'. कवीला मिळाले असतील तर एकदाच मिळाले, शंभर-दोनशे. कॅसेटी मात्र दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर ढिगाने खपल्या. आज मोबाईलवर तर कोणाचं काय आहे याचा पत्ताच नाही. तरी मोबाईलने एक भलं केलं हेही मान्य करतो. कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गात होत्या. कोणीतरी मोबाईलवर त्यांचं गाणं टाकलं आणि सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. पंजाबात गिन्नी माही नावाची रविदासिया मुलगी बाबासाहेबांची गाणी पंजाबी ढोलावर गाते. आपली लेकरं ती ऐकून नाचतात.

नाचा, माझी ना नाही. पण डीजेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. रिंगफ्रेमच्या आवाजाने माझा डावा कान कामातून गेला आहे. खात्यात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे, ओठ पाहून बोलणं समजून घ्यावं लागे. मिरवणुकीत डीजे वाजतो तेव्हा मला तेच खातं आठवतं. वामनदादांनी शब्द कळावा म्हणून आयुष्य घातलं, आणि आपण त्यांचंच गाणं असं वाजवतो की एक शब्द कळत नाही, छाती मात्र हादरते. समितीचे पदाधिकारी रागावतील, पण हिशेब मीही पाहिला आहे. डीजेला जेवढं भाडं दिलं त्याच्या दहाव्या हिश्शातही आपल्या ढोलकीवाल्या पोराला बोलावलं नाही. तो पोरगा त्या रात्री दुसऱ्या गावात देवीच्या जागरणात वाजवत होता. मला ते कळलं तेव्हा मी कोणाला काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं. माझी समितीला विनंती आहे, मी यंदाची माझी वर्गणी दुप्पट देतो, पण ती ढोलकी, पेटी आणि बेंजोवाल्यांच्या मानधनासाठीच वेगळी ठेवावी आणि पावतीवर तसं लिहावं.

शेवटची गोष्ट मामांच्या वहीची. मामी गेल्यावर मामेभावाने घर उतरवलं, तेव्हा माळ्यावर दोनशे पानी वही निघाली. अर्धी उधईने खाल्लेली. मी तिच्यातली वाचता येतील तेवढी गाणी नव्या वहीत उतरवली, ६१ भरली. बहुतेक वामनदादांची आणि इतर कवींची, काही पंढरीची. पण सात गाणी खुद्द मामांची आहेत, शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव आहे. एक बहात्तरच्या दुष्काळाचं, खडी फोडायला गेलेल्या आपल्या बायांचं. एक विहिरीचं. आणि एक या विहाराचं! पहिल्या कुडाच्या खोलीच्या जागी विटांचं बांधकाम झालं तेव्हा कोणी विटा वाहिल्या, कोणाच्या बैलगाडीने रेती आली, कोणत्या बाईने डोरलं मोडून सिमेंटला पैसे दिले, सारी नावं त्यात आहेत. समितीच्या दप्तरात ती नावं नाहीत. आज इथे बसलेल्या सहा-सात घरांच्या आज्या-आजोबांची नावं त्या गाण्यात आहेत, आणि मी १९९१ मध्ये जर मामांना गाऊ दिलं असतं तर ते गाणं तुम्हाला पाठ असतं.

मामांची सवय अशी की प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर चाल लिहीत. अमुक सिनेमाच्या गाण्याची, तमुक भजनाची. या गाण्यावर मात्र लिहिलं आहे, 'चाल : नेहमीची.' ही नेहमीची चाल कोणती, ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. मी चार म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. एका मावशीने दोन ओळी गुणगुणल्या आणि तिसऱ्या ओळीला थांबल्या, म्हणाल्या, "थांब बापू, येते आहे," पण ती आली नाही.

वही मी आज सोबत आणली आहे. मामांची पेटी मामेभावाने विहाराला दिली आहे, ती त्या कोपऱ्यात ठेवली आहे, दोन सूर दबलेले आहेत पण वाजते. पंगत उठली की मी तिथे बसतो. साठीच्या पुढच्या आयाबायांनी घरी जायची घाई करू नये. शब्द मी वाचतो, चाल तुम्ही आठवा. ढोलकीवाल्या पोरालाही मी थांबायला सांगितलं आहे.

जय भीम!